मोटारगाडीचे चोरीपासून संरक्षण : गजर आणि किल्लीविरहित प्रवेश

मोटारगाडी मालकाच्या संमतीवाचून कोणास उघडता, चालू करता वा पळवून नेता येऊ नये, यासाठी तिच्यात जी साधने योजितात त्यांचे सामान्यतः चार गट पडतात : (१) दारे व सामानकक्ष बंद ठेवणारी कुलपे, (२) सुकाणू वा एंजिन जखडून ठेवणारी साधने, (३) अनधिकृत हालचालीची वर्दी देणारे गजर आणि (४) चोरीस गेलेल्या गाडीचा माग काढणारी साधने. किल्ली कुलपात न घालता गाडी उघडण्याची पद्धत १९८० पासून प्रचारात आली. ती पहिल्या गटात मोडते. गजर आणि किल्लीविरहित प्रवेश ही दोन्ही साधने बहुधा एकत्र विकली गेली व एकाच हातातील कळीने चालविली जाऊ लागली. त्यामुळे ती एकाच कामाची दोन अंगे आहेत, असा समज रूढ झाला. वस्तुतः त्यांची कार्ये भिन्न आहेत. गजर हा चोरी घडत असताना आसपासच्या माणसांना हाक मारतो. किल्लीविरहित कुलूप समोर आलेल्याची ओळख पटवून त्यास प्रवेश देते. पहिल्याचे यश ऐकणाऱ्यावर आणि दुसऱ्याचे यश ओळखीच्या अचूकतेवर अवलंबून असते. गाड्यांच्या चोऱ्या कमी करण्यात ज्यांचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले आहे, ती साधने मात्र या दोहोंपैकी नसून दुसऱ्या गटातील आहेत. या तिन्हींचा परस्परसंबंध त्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होतो.

प्रारंभीचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी रस्त्यावर आलेल्या बहुतेक मोटारगाड्या उघड्या असत. त्यांना दारेच नसल्याने दाराच्या कुलपाचा प्रश्न उद्भवत नसे. एंजिन हातदांडा फिरवून चालू करावे लागे. हे काम कष्टाचे व काहीसे धोक्याचे होते आणि ज्यास ते साधत नसे त्यास गाडी पळविता येत नसे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा आरंभक १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला व लवकरच तो सर्वत्र रूढ झाला. गाडी चालू करणे मालकाला जसे सोपे झाले, तसेच ते चोरालाही झाले. सोय आणि सुरक्षितता यांतील हा विरोध पुढील काळात वेळोवेळी आढळतो.

गाड्यांची संख्या वाढली तशा चोऱ्याही वाढल्या. अमेरिकेत चोरलेली गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली, की स्थानिक पोलिसांचा अधिकार संपत असे. यावर उपाय म्हणून १९१९ मध्ये तेथील संसदेने राष्ट्रीय मोटारवाहन चोरी अधिनियम केला. त्याचे प्रवर्तक डायर यांच्या नावावरून तो ‘डायर कायदा’ म्हणून ओळखला जातो. चोरीची गाडी राज्याच्या सीमेपलीकडे नेणे हा त्यायोगे संघराज्याच्या कक्षेतील गुन्हा ठरला.

दाराला कुलूप आणि एंजिनाच्या विद्युत् मंडलाला किल्लीने चालणारा खटका ही व्यवस्था दोन महायुद्धांच्या दरम्यान स्थिर झाली. एकाच किल्लीने प्रज्वलन मंडल जोडणे व आरंभक फिरविणे ही दोन्ही कामे करण्याची सोय अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये आणली. तथापि हा खटका म्हणजे केवळ दोन तारांमधील सांधा होता. खटक्यामागील तारा बाहेर काढून एकमेकींस जोडल्या की किल्लीविना एंजिन चालू होई. गाडी खऱ्या अर्थाने निकामी करून ठेवावयाची असेल, तर तिचा एखादा आवश्यक भाग काढून नेणे हाच खात्रीचा मार्ग होता. १९४० मध्ये जर्मन आक्रमणाची भीती असताना ब्रिटनमध्ये उभी करून ठेवलेली गाडी निकामी करणे चालकांवर बंधनकारक करण्यात आले होते. त्यासाठी प्रज्वलन वितरकातील फिरती भुजा काढून खिशात घालण्याची पद्धत होती. गाडीचा प्राण मालकाने आपल्याबरोबर न्यावयाचा, ही कल्पना पुढे इलेक्ट्रॉनीय रूपात पुन्हा अवतरली.

सुकाणू-कुलूप : किल्ली काढताच सुकाणूचा दांडा पोलादी खिट्टीने जखडला जाईल अशी योजना केल्यास तारा जोडून एंजिन चालू केले, तरी गाडी वळविता येत नाही. पश्चिम जर्मनीत १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी असे कुलूप नव्या व जुन्या अशा सर्वच मोटारगाड्यांना सक्तीचे करण्यात आले आणि तेथील चोऱ्यांत लक्षणीय घट झाली. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून नव्या गाड्यांसाठी अशा कुलपाचे मानक लागू झाले. किल्ली आत विसरून चालकाने दार उघडल्यास सूचना देणारा आवाज व्हावा, अशी तरतूदही त्यात होती.

ब्रिटनमधील अनुभव अधिक उद्बोधक ठरला. तेथे १९७१ पासून सुकाणू-कुलूप सक्तीचे झाले. परंतु ते केवळ नव्या गाड्यांपुरते. ब्रिटिश गृहखात्याने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लंडनमधील १९६९ व १९७३ या दोन वर्षांतील चोऱ्यांची तुलना करण्यात आली. चोरीस गेलेल्या गाड्यांत नव्या गाड्यांचे प्रमाण सु. २१ टक्क्यांवरून सु. ५ टक्क्यांपर्यंत उतरले होते. एकूण चोऱ्या मात्र त्या मानाने कमी झाल्या नव्हत्या. चोरांनी आपला मोर्चा कुलूप नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळविला होता. नवी गाडी घेणाऱ्यास संरक्षण मिळाले आणि जुन्या गाडीच्या मालकाचा धोका वाढला. एखाद्या साधनाने चोरी थांबते, की ती केवळ शेजाऱ्याच्या दारी जाते, हा प्रश्न या अभ्यासामुळे पुढे आला. गजर व किल्लीविरहित प्रवेश यांचे मूल्यमापन करतानाही तो महत्त्वाचा आहे.

गजर यंत्रणा : गाडीतील गजराचे संवेदक, नियंत्रक व भोंगा असे तीन मुख्य भाग असतात. सर्वांत साधा संवेदक म्हणजे दार उघडताच आतील दिवा लावणारा खटका. दुसऱ्या प्रकारात विद्युत् घटमालेच्या दाबात अचानक होणारी घट टिपली जाते; दार उघडून दिवा लागला वा कोणी प्रज्वलन चालू केले, तर अशी घट होते. गाडीस बसलेला धक्का ओळखणारे, काच फुटल्याचा आवाज टिपणारे, तसेच गाडी उचलली वा कलती केली असता कार्यान्वित होणारे संवेदकही वापरतात. गाडीच्या आत श्राव्यातीत ध्वनितरंग सोडून त्यांच्या परावर्तनातील फरकावरून हालचाल ओळखण्याची पद्धतही प्रचारात आहे. चांगल्या प्रतीच्या गजरात भोंग्याला स्वतंत्र विद्युत् घट असतो. त्यामुळे चोराने गाडीच्या घटमालेची तार तोडली, तरी भोंगा वाजत राहतो.

आरंभीच्या गजरांत मालकासाठी एक अडचण होती. गजर चालू वा बंद करण्याचा खटका बाहेर बसविला, तर तो चोराच्या दृष्टीस पडे. आत बसविला, तर दार उघडल्यापासून काही सेकंदांच्या आत मालकाने तो बंद करणे आवश्यक असे आणि तेवढाच अवधी चोरालाही मिळे. दूरनियंत्रकाने ही अडचण दूर केली व त्यानंतर गजराचा प्रसार वेगाने झाला. त्याचबरोबर गजराचे भवितव्य दूरनियंत्रकाच्या विश्वसनीयतेशी बांधले गेले. बनावट संकेताने कुलूप उघडले, तर गजरही निमूटपणे बंद होतो.

गजराचा मूळ दोष त्याच्या तत्त्वातच आहे. तो चोराला अडवीत नाही. कोणीतरी धावून येईल या अपेक्षेवर तो उभा आहे. गजर क्वचित आणि योग्य वेळीच वाजत असेल, तर ही अपेक्षा पुरी होते. प्रत्यक्षात जाणारा मालट्रक, मेघगर्जना, सोसाट्याचा वारा, गाडीवर उडी मारणारे मांजर इ. कारणांनी तो वाजतो. भारतातील शहरांत दिवाळीच्या फटाक्यांनी ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांचे गजर वाजू लागणे हा नेहमीचाच अनुभव आहे. अशा वेळी खिडकीतून डोकावूनही कोणी पाहत नाही. खोट्या हाकांची सवय झालेला समाज खऱ्या हाकेलाही प्रतिसाद देत नाही. म्हणजे प्रत्येक अवेळी वाजणारा गजर इतर सर्व गजरांचे मोल कमी करतो.

दाट वस्तीच्या शहरांत या आवाजाचा उपद्रव एवढा वाढला, की संरक्षणाच्या साधनावरच निर्बंध घालावे लागले. न्यूयॉर्क शहराच्या ध्वनिविषयक नियमांनुसार वाहनाचा गजर तीन मिनिटांच्या आत आपोआप बंद झाला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाच्या वाहन-गजरविषयक नियमांत ध्वनीचा एका वेळचा अवधी २५ ते ३० सेकंद ठरविण्यात आला. अमेरिकेतील विम्याच्या दाव्यांची पाहणी करणाऱ्यांना केवळ गजर असलेल्या गाड्यांच्या चोरीत एकंदरीने घट आढळली नाही. असे असले, तरी गजर अगदीच निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही. काच फोडून आतील वस्तू उचलणारा भुरटा चोर आवाजाने बिचकू शकतो. गाडीच पळविण्याच्या तयारीने आलेल्या सराईत चोराला मात्र तीस सेकंदांच्या आवाजाचे भय वाटत नाही.

किल्लीविरहित प्रवेश : किल्लीवाचून दार उघडण्याची सोय प्रथम सुरक्षिततेसाठी नव्हे, तर सुखसोय म्हणून आली. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९८० सालच्या थंडरबर्ड, लिंकन इ. गाड्यांत चालकाच्या दारावर पाच कळी बसविल्या. प्रत्येक कळीवर दोन अंक असत व पाच अंकी संकेत दाबल्यास दार उघडे. अंक दहा दिसत असले, तरी कळी पाचच असल्याने संभाव्य संकेतांची खरी संख्या ५ × ५ × ५ × ५ × ५, म्हणजे ३,१२५ एवढीच होती. किल्ली आत राहून दार बंद झालेल्या मालकास या व्यवस्थेचा मोठा आधार वाटे.

दूर अंतरावरून उघडणारे कुलूप यूरोपात १९८२ मध्ये रनॉल्ट कंपनीच्या फ्यूगो या गाडीत आले. त्यात अवरक्त किरणांचा उपयोग केला होता. त्याचे जनक पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रान्समध्ये अशा दूरनियंत्रकाला ‘प्लिप’ हे नाव पडले. अवरक्त किरणांसाठी दूरनियंत्रक गाडीतील ग्राहीच्या समोर धरावा लागे. रेडिओ तरंगांना हे बंधन नसल्याने पुढे तेच रूढ झाले. यूरोप व भारतात ४३३·९२ मेगाहर्ट्‌झ, तर उत्तर अमेरिका व जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासची कंप्रता यासाठी सामान्यतः वापरतात.

पहिल्या पिढीतील दूरनियंत्रक प्रत्येक वेळी एकच ठराविक संकेत प्रक्षेपित करीत. रेडिओ तरंग सर्व दिशांस पसरत असल्याने जवळ उभ्या असलेल्या माणसाला योग्य ग्राहीच्या साहाय्याने तो संकेत नोंदवून ठेवता येई व मालक गेल्यावर तोच पुन्हा प्रक्षेपित करून गाडी उघडता येई. धातूच्या किल्लीची नक्कल करण्यास ती निदान काही काळ हाती यावी लागे. येथे तिला स्पर्श करण्याचीही गरज उरली नाही.

यावर ‘बदलत्या संकेता’ची युक्ती निघाली. दूरनियंत्रक व गाडी या दोहोंत एक गणक आणि एक गुप्त संख्या असते. कळ दाबताच गणक एकाने पुढे सरकतो आणि त्यापासून गूढलेखनाच्या रीतीने नवा संकेत तयार होतो. एकदा वापरलेला संकेत गाडी पुन्हा स्वीकारीत नाही. खिशात कळ चुकून दाबली गेल्यास दोन्ही गणकांत अंतर पडते, म्हणून पुढील काही संकेत स्वीकारण्याची मुभा गाडीला दिलेली असते. या प्रकारातील ‘कीलॉक’ ही पद्धती दक्षिण आफ्रिकेत १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास विकसित झाली. १९९५ मध्ये अमेरिकेतील मायक्रोचिप कंपनीने तिचे हक्क विकत घेतले व ती जगभर पसरली.

कीलॉकची रचना दीर्घकाळ गुप्त ठेवण्यात आली होती. ती उघड झाल्यावर संशोधकांनी तिचे परीक्षण केले. २००८ साली जर्मनीतील बोखूम येथील विद्यापीठातील संशोधकांनी दूरनियंत्रक वापरीत असलेल्या विद्युत् शक्तीतील सूक्ष्म चढउतार मोजून त्यातील गुप्त संख्या काढून दाखविली. फोक्सवॅगन समूहाच्या दूरनियंत्रकांसंबंधी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १९९५ पासूनच्या असंख्य गाड्या मोजक्याच सामायिक गुप्त संख्यांवर विसंबून असल्याचे निदर्शनास आले. एका गाडीतून अशी संख्या मिळविली, की तिचा उपयोग इतर गाड्यांविरुद्धही करता येई. लष्करी गूढलेखनासंबंधी लिहिताना ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच असे प्रतिपादन केले होते, की पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होऊ नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. मोटारगाड्यांच्या कुलपांत हे तत्त्व अनेकदा दुर्लक्षिले गेले.

एंजिन-रोधक : दार उघडणे आणि गाडी नेणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. दुसरी क्रिया अडविण्याचा इलेक्ट्रॉनीय उपाय जनरल मोटर्स कंपनीने १९८६ सालच्या कॉर्व्हेट गाडीत योजिला. किल्लीच्या पात्यात विद्युत् रोध असलेली एक लहानशी गुटिका बसविली होती. रोधाची पंधरा निरनिराळी मूल्ये ठरविली होती व योग्य मूल्य आढळल्याखेरीज एंजिन चालू होत नसे. मूल्ये थोडी असली, तरी चुकीचा प्रयत्न केल्यावर काही मिनिटे थांबावे लागत असल्याने चोराचा वेळ वाया जाई.

बर्लिनची भिंत १९८९ मध्ये कोसळल्यानंतर जर्मनीत गाड्यांच्या चोऱ्या झपाट्याने वाढल्या व विमा कंपन्यांनी अधिक खात्रीच्या उपायांचा आग्रह धरला. किल्लीच्या मुठीत बसविलेला ट्रान्सपाँडर हा इलेक्ट्रॉनीय घटक याच दशकात प्रचारात आला. त्याला स्वतःचा विद्युत् घट लागत नाही. कुलपाभोवतालच्या तारेच्या वेटोळ्यातून त्यास चुंबकीय क्षेत्राद्वारे ऊर्जा मिळते. गाडी त्याला एक संख्या पाठविते. तो गुप्त संख्येच्या साहाय्याने तिचे उत्तर देतो. उत्तर बरोबर असेल, तरच एंजिनाचा नियंत्रक इंधन व प्रज्वलन चालू करतो. तारा जोडून काही साधत नाही, कारण अडथळा तारांत नसून नियंत्रकात असतो.

यूरोपीय समुदायाच्या १९९५ सालच्या निदेशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांत एंजिन-रोधक सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियात २००१ पासून व कॅनडात २००७ पासून अशीच सक्ती झाली. नेदर्लंड्‌समधील माहितीवर आधारलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार १९९५ ते २००८ या काळात या साधनामुळे गाड्यांच्या चोरीचे एकूण प्रमाण सरासरीने सु. ४० टक्क्यांनी घटले. चोर जुन्या गाड्यांकडे वळल्यामुळे झालेली वाढ वजा करून हा निष्कर्ष काढला आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये सु. १६·६ लाख वाहने चोरीस गेली होती. २०१४ पर्यंत हा आकडा ७ लाखांच्या खाली आला. ही घट होण्यास इतरही सामाजिक कारणे असली, तरी वाहनांच्या सुधारित रचनेचा तीत वाटा होता, असे मानतात.

एंजिन-रोधकही अभेद्य नाही. ४० द्विमान अंकांची गुप्त संख्या वापरणाऱ्या एका प्रचलित ट्रान्सपाँडरचे रहस्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील व एका खाजगी प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ मध्ये उलगडून दाखविले. ‘मेगामॉस’ नावाच्या दुसऱ्या पद्धतीतील दोष प्रसिद्ध करण्यास लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली होती. ते संशोधन अखेर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोष जाहीर केल्याने चोरांना मदत होते, की दडविल्याने मालक गाफील राहतो, हा वाद या प्रकरणाने चव्हाट्यावर आणला.

समीप-किल्ली : किल्ली खिशातच ठेवून दाराच्या मुठीस हात लावताच गाडी उघडावी व कळ दाबताच एंजिन चालू व्हावे, ही किल्लीविरहित प्रवेशाची पुढची पायरी होय. खिशातील किल्लीने दार उघडण्याची सोय १९९३ सालच्या कॉर्व्हेटमध्ये होती. १९९८ मध्ये आलेल्या मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या एस-श्रेणीतील गाडीपासून दार व एंजिन या दोहोंसाठी ही पद्धत प्रसिद्धीस आली. गाडी अल्प कंप्रतेचा, एक-दोन मीटरपर्यंतच पोहोचेल असा क्षीण संदेश सोडते. तो ऐकू आला, की किल्ली उच्च कंप्रतेवर उत्तर देते. किल्लीला संदेश ऐकू आला, त्याअर्थी ती जवळच असली पाहिजे, असे गृहीत या पद्धतीच्या मुळाशी आहे.

हे गृहीतच तिचे वर्मस्थान ठरले. झुरिक येथील तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा प्रकारच्या गाड्यांवर प्रयोग केले. एक आकाशक गाडीजवळ व दुसरा किल्लीजवळ ठेवून त्यांनी गाडीचा क्षीण संदेश पुढे वाहून नेला. दूर असलेल्या किल्लीने प्रामाणिकपणे उत्तर दिले आणि दहाही प्रकारच्या गाड्या उघडून चालू झाल्या. येथे कोणताही संकेत फोडावा लागत नाही. म्हणून गूढलेखन कितीही बळकट असले, तरी या हल्ल्यापुढे ते निरुपयोगी ठरते. पुढील काही वर्षांत यूरोपातील चोरांनी याच युक्तीचा वापर सुरू केला. घराच्या दाराजवळ टांगलेल्या किल्लीचा संदेश बाहेरून उचलून अंगणातील गाडी नेली जाऊ लागली. गाडीच्या समजुतीप्रमाणे मालकच आलेला असल्याने गजर वाजत नाही आणि एंजिन-रोधकही अडवीत नाही. पूर्वी स्वतंत्र असलेले तीन अडथळे एकाच ओळखीवर अवलंबून ठेवल्याने ते एकदम कोसळतात.

या हल्ल्यावर दोन उपाय प्रचारात आले आहेत. काही काळ स्थिर राहिलेली किल्ली आपोआप निद्रिस्त व्हावी, अशी योजना पहिल्या उपायात असते. दुसऱ्यात अतिविस्तृत पट्ट्याच्या रेडिओ स्पंदांनी संदेशाच्या प्रवासास लागलेला काळ मोजतात. रेडिओ तरंग एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, सु. ३० सेंमी. अंतर जातात. संदेश दुरून वाहून आणला, तर त्यास अधिक वेळ लागणारच. तो कमी करणे कोणत्याही चोरास शक्य नाही. धातूच्या डबीत किल्ली ठेवणे हा घरगुती उपायही उपयुक्त आहे. ब्रिटनमधील विमा कंपन्यांच्या थॅचम या संशोधन संस्थेने २०१९ पासून गाड्यांची सुरक्षितता ठरविताना अशा हल्ल्याला होणारा प्रतिकारही विचारात घेण्यास सुरुवात केली.

तुलना : गजर व किल्लीविरहित प्रवेश यांपैकी अधिक सुरक्षित कोणता, हा प्रश्न वारंवार विचारला जातो, परंतु ती दोन्ही साधने एकाच मापाने मोजता येत नाहीत. गजर हा संरक्षणाला पूरक आहे. किल्लीविरहित प्रवेश ही मुख्यतः सोय असून, तिच्यामुळे सुरक्षितता वाढते की घटते, हे ओळख पटविण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. बदलता संकेत असलेला साधा दूरनियंत्रक आणि वेगळा एंजिन-रोधक ही जोडी अंतर न मोजणाऱ्या समीप-किल्लीपेक्षा अधिक भरवशाची आहे.

एंजिन-रोधकाच्या अभावी गजर किती तोकडा पडतो, हे अमेरिकेत २०२१ नंतर दिसून आले. तेथे त्याची सक्ती नव्हती. २०१५ सालच्या नमुन्यांत इतर उत्पादकांच्या ९६ टक्के प्रकारांत तो मूळचा बसविलेला होता. ह्युंदाई व किया या कंपन्यांच्या मात्र केवळ २६ टक्के प्रकारांत होता. या गाड्या चालू करण्याची सोपी युक्ती समाजमाध्यमांतून पसरताच किशोरवयीन मुलांकडून त्यांच्या चोऱ्यांची लाट उसळली. तीत अपघात होऊन प्राणहानीही झाली. कंपन्यांनी २०२३ मध्ये संगणकीय आज्ञावलीत सुधारणा करून गजराचा अवधी तीस सेकंदांवरून एक मिनिट केला. त्याचबरोबर किल्लीवाचून एंजिन चालू होणार नाही, अशी तजवीजही करावी लागली. कॅनडात रोधक सक्तीचा असल्याने तेथे ही लाट पोहोचली नाही. या गाड्या अनेक ठिकाणी बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांनी घेतलेल्या होत्या. कामावर जाण्याचे साधन गेल्याने त्यांची ओढाताण झाली व विम्याचे हप्तेही वाढले.

साधन दिसावे, की लपलेले असावे, यावरही समाजाचे हित अवलंबून असते. काचेवर लावलेली गजराची चिठ्ठी वा लुकलुकणारा दिवा चोराला पुढच्या गाडीकडे जाण्यास सांगतो. याउलट १९८६ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यात सुरू झालेल्या ‘लोजॅक’ या पद्धतीत रेडिओ प्रेषक गाडीत लपविलेला असतो व चोरीनंतर पोलीस त्याच्या साहाय्याने माग काढतात. कोणत्या गाडीत तो आहे हे चोरास कळत नसल्याने सर्वच गाड्यांविषयी त्याच्या मनात धास्ती राहते. एअर्स व लेव्हिट या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की या साधनाचा बहुतांश लाभ ते न बसविणाऱ्या मालकांना मिळतो. तरीही त्याचा खर्च एकट्या बसविणाऱ्यालाच सोसावा लागतो. म्हणूनच वाहनांचे संरक्षण केवळ वैयक्तिक निवडीवर न सोडता त्यास नियमांची जोड द्यावी, या विचारास बळ मिळाले.

भारतातील स्थिती : भारतात दीर्घकाळ स्कूटर व मोटारसायकली यांचा मूठ-कुलूप हाच मुख्य आधार होता. मोटारगाड्यांत १९९० नंतर मध्यवर्ती कुलूप, दूरनियंत्रक व गजर यांचा प्रसार झाला. अनेक मालक ही साधने बाहेरच्या दुकानांतून बसवून घेत. मूळच्या तारा कापून केलेल्या अशा जोडण्यांमुळे गजर अवेळी वाजण्याचे प्रकार वाढले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाट्या सक्तीच्या करण्यात आल्या. लेसरने कोरलेला क्रमांक व एकदा लावल्यावर न मोडता काढता न येणारे खिळे यांमुळे चोरीच्या गाडीची ओळख बदलणे अवघड होते. महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या जुन्या वाहनांनाही अशा पाट्या बसविण्यास सांगण्यात आले. २०२५ मध्ये त्यासाठीची मुदत अनेकदा वाढवावी लागली. या पाट्या चोरी रोखीत नसल्या, तरी चोरीच्या मालाची विक्री कठीण करतात.

सुमारे शंभर वर्षांच्या या इतिहासात गाडी चालू करणे जसजसे सुलभ झाले, तसतसे तिच्या मालकाची ओळख पटविण्याचे काम अवघड होत गेले. एका साधनाने दुसऱ्याची उणीव भरून काढावी, यासाठी ती साधने एकमेकांपासून स्वतंत्र असणे आवश्यक असते. त्याचप्रमाणे, ब्रिटनमधील १९७१ सालच्या व अमेरिकेतील २०२१ नंतरच्या अनुभवांवरून असे दिसते, की काही गाड्यांपुरते मर्यादित राहिलेले संरक्षण चोरीचा भार उरलेल्या मालकांवर ढकलते.